बॅटरीवरच्या व्हीलचेअरचा कंट्रोल बोर्ड बिघडलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुर्ची बंद पडली की फोनवर पहिलं वाक्य ऐकू येतं ते एकच: "बोर्ड गेलाय का हो?" मी कोकणात या खुर्च्या दुरुस्त करतो. 'बोर्ड खराब' असं सांगून माझ्या टेबलावर आलेले बरेचसे बोर्ड धडधाकट निघाले आहेत. बिघाड बॅटरीत होता, वायरीत होता, ब्रेकच्या कॉइलमध्ये होता. बोर्डाने फक्त तो ओळखून खुर्ची थांबवली होती. खुर्चीतला सगळ्यात महाग सुटा भाग बहुधा बोर्डच असतो, म्हणून तो मागवण्याआधी खालची उत्तरं वाचा. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. आकडे २४ व्होल्टच्या, दोन मोटरींच्या खुर्चीचे आहेत.

१. बोर्ड म्हणजे नेमका कुठला भाग? जॉयस्टिकचा डबा की सीटखालचा?

दोन्ही असू शकतात. साध्या खुर्च्यांमध्ये सगळं एकाच डब्यात, म्हणजे हातावरच्या जॉयस्टिकमध्येच असतं. थोड्या मोठ्या खुर्च्यांमध्ये जॉयस्टिकमध्ये छोटा बोर्ड असतो. मोटरींना करंट देणारा पॉवरचा बोर्ड सीटखाली असतो आणि दोघांना जोडणारी एक केबल असते. मेकॅनिक "बोर्ड बदला" म्हणाला तर यातला कुठला, हे आधी विचारा. किमतीत आणि कामात मोठा फरक पडतो.

बोर्ड करतो काय, तेही जाणून घ्या. तुम्ही जॉयस्टिकची दांडी किती ढकलली ते वाचायचं, दोन मोटरींना तेवढाच करंट द्यायचा, आणि निघताना दोन्ही ब्रेक सोडायचे. हे ब्रेक स्प्रिंगने लागलेलेच असतात, वीज मिळाली तरच सुटतात. म्हणून वीज गेली की खुर्ची जागीच जखडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीनचार ठिकाणी कामाला येईल.

२. बटण दाबलं तरी एकही दिवा लागत नाही. बोर्ड मेला ना?

इतक्यात म्हणू नका. आधी बॅटरीजवळचा सर्किट ब्रेकर बघा. ते एक छोटं बटण असतं, जास्त करंट गेला की बाहेर उडी मारतं. आत दाबा. मग बॅटरीचे कनेक्टर उपसून पुन्हा घट्ट बसवा. खुर्ची गाडीच्या डिकीतून नेली असेल किंवा खाली झाडू फिरवताना धक्का लागला असेल, तर इथेच ढिलाई सापडते.

घरात मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं मीटर) असेल तर एक सोपी तपासणी आहे. जॉयस्टिकला तीन पिनांचं चार्जिंगचं सॉकेट असतं. त्यातल्या १ आणि २ क्रमांकाच्या पिनांवर डीसी व्होल्ट मोजा. (मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.) २४ किंवा थोडं वर दिसलं तर बॅटरीपासून जॉयस्टिकपर्यंतची वाट शाबूत आहे आणि संशय खरोखरच जॉयस्टिकवर येतो. शून्य दिसलं तर वाटेत कुठेतरी तुटलंय, बोर्डाला दोष देता येत नाही.

३. दिवे भराभर लुकलुकतात आणि खुर्ची हलत नाही. याचा अर्थ काय?

बोर्ड तुमच्याशी बोलतोय. बॅटरी दाखवणाऱ्या पट्टीतले किती दिवे लुकलुकतात ते मोजा. पीजी ड्राइव्ह्ज टेक्नॉलॉजीचा व्हीआर२ हा कंट्रोलर खूप खुर्च्यांवर दिसतो, त्याचा हिशेब असा:

१ दिवा: बॅटरी उतरली किंवा तिचं कनेक्शन खराब.
२: डाव्या मोटरची जोडणी तुटली. ३: डाव्या मोटरच्या वायरीत शॉर्ट.
४: उजव्या मोटरची जोडणी तुटली. ५: उजव्या मोटरच्या वायरीत शॉर्ट.
६: चार्जर लागलेला आहे किंवा बोर्डाला तसं वाटतंय.
७: जॉयस्टिक. बटण दाबताना दांडी मध्यावर नव्हती, हे सर्वांत साधं कारण.
८: कंट्रोलरच्या आतला किंवा त्याच्या जोडण्यांमधला बिघाड.
९: ब्रेकची जोडणी.
१०: व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढलं (प्रश्न १२ पाहा).

दहापैकी बोर्डाकडे थेट बोट दाखवणारा आकडा एकच, आठचा. आणि त्यातही आधी सगळे प्लग काढून, साफ करून, परत बसवून बघायचे असतात. दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरचे आकडे वेगळे असतात, तेव्हा तुमच्या खुर्चीचं पुस्तक काढा. पुस्तक हरवलं असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून मेकॅनिकला पाठवा. 'लाल दिवा येतोय' एवढ्या वर्णनावरून कुणालाच काही कळत नाही.

४. दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत राहतात, लुकलुकत नाहीत. हा कुठला कोड?

हा बिघाड नाही, खुर्चीला कुलूप लागलंय. नातवंडांनी बटणांशी खेळताना ते लागतं. व्हीआर२ मध्ये उघडायची रीत अशी: खुर्ची चालू करा, दांडी बीप ऐकू येईपर्यंत पुढे ढकलून धरा, मग बीप येईपर्यंत मागे ओढून धरा, सोडा. एक लांब बीप येते आणि कुलूप निघतं. या एका कारणासाठी एक गृहस्थ तीन तास गाडी चालवून खुर्ची माझ्याकडे घेऊन आले होते. फोनवर नीट विचारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पहिला प्रश्न मी हाच विचारतो.

५. दिवे व्यवस्थित, हॉर्नही वाजतो, पण आईची खुर्ची जागची हलत नाही.

मोटरीजवळचे लिव्हर बघा. खुर्ची हाताने ढकलण्यासाठी ते सोडलेले असतात आणि परत लावायचे राहून जातात. तसं असेल तर मोटर फिरेल पण चाक फिरणार नाही, किंवा ब्रेकचा कोड येईल.

चार्जर जोडलेला असताना खुर्ची चालू नये अशी सोय मुद्दाम केलेली असते. सॉकेटमधली तिसरी पिन त्याचसाठी आहे. तिथे ओल, मुंग्या किंवा वाकलेली पिन असेल तर चार्जर नसतानाही बोर्डाला तो लागल्यासारखा वाटतो. कोरड्या ब्रशने साफ करून बघा.

मग दांडी हलकेच पुढे ढकला आणि कान द्या. ब्रेक सुटल्याचा 'टक' असा आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा. एकाच बाजूने आला तर दुसऱ्या ब्रेकची कॉइल किंवा तिची वायर तपासा. चांगल्या कॉइलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दहा ओहमच्या काही पट भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

६. रात्रभर चार्ज करतो, सकाळी सगळे दिवे हिरवे. उंबरठ्याला चाक टेकलं की बंद! हे तर बोर्डाचंच ना?

बहुतेक वेळा बॅटरीचं. म्हातारी झालेली लेड ॲसिड बॅटरी बसल्या जागी पूर्ण व्होल्ट दाखवते आणि ओझं आलं की कोसळते. उंबरठा चढताना मोटर सपाटीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते.

तपासायची पद्धत: पूर्ण चार्ज करून चारपाच तास तशीच ठेवा आणि मोजा. दोन बॅटऱ्यांचे मिळून २५.४ च्या आसपास किंवा वर हवेत. मग कुणालातरी खुर्चीत बसवून उंबरठ्यावर नेताना मोजा. आकडा २१ च्या खाली घसरला तर बॅटरी आली संपत. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या आणि त्यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तरी निकाल तोच. बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच बनावटीच्या. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावली की जुनी नवीला घेऊन बुडते.

बॅटरीशी काम करताना बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. दोन टोकांमध्ये धातू अडकला तर तो क्षणात लालभडक होतो.

७. कधी चालते, कधी चालत नाही. मेकॅनिक आला की मुद्दाम केल्यासारखी व्यवस्थित चालते. काय करावं?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते याच बिघाडात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

असा मधूनच येणारा-जाणारा बिघाड बहुतेक वेळा कुठल्यातरी जोडणीचा असतो. खुर्ची दिवसभर हादरे खाते, हाताचा आधार वर-खाली होतो, सीट घडी होते. वायर जिथे रोज वाकते तिथे आतली तांब्याची तार तुटते आणि बाहेरचं प्लॅस्टिक मात्र अखंड दिसतं. जॉयस्टिकची केबल हाताच्या आधाराखालून जिथे वळते, ती जागा मी सर्वांत आधी बघतो. दुसरी जागा मोटरजवळची, तिथे वायर चाकाला घासते. तिसरी बॅटरीचा कनेक्टर. त्याच्या पिना एकदा गरम झाल्या की ढिल्या होतात, ढिल्या झाल्या की आणखी गरम होतात. प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालेलं दिसलं तर तो कनेक्टर बदलाच.

कोकणात याला खाऱ्या हवेची जोड मिळते. तांब्यावर हिरवा थर चढतो, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि उन्हाळ्यात तीच खुर्ची शहाण्यासारखी चालते. आणि उंदीर! खुर्ची रात्री पडवीत ठेवत असाल तर सीटखालच्या वायरी टॉर्चच्या उजेडात एकदा बघून घ्या.

तपासायचं असं. मागची चाकं जमिनीपासून उचलून खाली लाकडी ठोकळे द्या. एकाने दांडी किंचित पुढे धरायची, दुसऱ्याने एकेक वायर आणि एकेक प्लग हळूच हलवत जायचं. फिरत्या चाकाजवळ पदर, ओढणी, बोटं नकोत. ज्या जागी हलवल्यावर चाक थांबतं तिथेच दुखणं आहे. घाई करू नका, प्रत्येक जोडणीला मिनिटभर द्या.

शिवाय एक वही ठेवा. कधी बंद पडली, किती दिवे लुकलुकले, ऊन होतं की पाऊस, चढ होता की सपाट. सावंतवाडीकडच्या एका ताईंनी महिनाभर अशी नोंद ठेवली होती. त्याआधी त्यांच्या मुलाच्या खुर्चीचा बोर्ड एका दुरुस्तीवाल्याने दोनदा बदलला होता. वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: मुलगा जेवायला टेबलाशी बसला की त्यानंतर खुर्ची बंद. टेबलाखाली जाताना हाताचा आधार वर उचलला जायचा आणि केबल ताणली जायची. दीड वितीची केबल बदलली, खुर्ची सुरू झाली. दोन बोर्डांचे पैसे मात्र परत आले नाहीत.

८. कोड मोटरचा येतोय, मेकॅनिक म्हणतो बोर्ड. खरं कसं ओळखायचं?

चाकं उचलून ठेवा, खुर्ची बंद करा आणि डाव्या-उजव्या मोटरींचे प्लग आपसात बदला. आता चालू करा. आधी डाव्या मोटरचा कोड होता आणि आता उजव्याचा आला, तर दोष मोटरबरोबर सरकला, म्हणजे मोटर किंवा तिची वायर. कोड डावाच राहिला तर दोष बोर्डाच्या बाजूला. प्लग बदललेल्या अवस्थेत खुर्चीत कुणी बसायचं नाही, कारण दिशा उलटसुलट होतात. काही खुर्च्यांत दोन्ही ब्रेकची जोडणी एकाच मोटरच्या प्लगमध्ये असते, तिथे मध्येच ब्रेकचा कोड येईल. त्याने गोंधळू नका.

मोटरच दोषी निघाली तरी ती लगेच टाकू नका. आतले कार्बन ब्रश (फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) बऱ्याचदा झिजलेले असतात. मीटर लावून चाक हाताने सावकाश फिरवा. रोध साधारण एका ओहमच्या आसपास राहायला हवा. तो मध्येच उसळ्या मारत असेल तर ब्रश बघा.

९. अचानक पावसात खुर्ची भिजली. आता चालते आहे, तरी काही करायला हवं का?

हो, आणि आजच. आधी बंद करा, बॅटरीचा कनेक्टर काढा. 'चालतेय ना' म्हणून वापरत राहिलात तर ओल्या बोर्डावर विजेमुळे तांबं झपाट्याने झिजतं, आणि दोन आठवड्यांनी खुर्ची बंद पडते तेव्हा पाऊस कुणाला आठवतही नाही. पुसून घ्या, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको, तांदळाच्या डब्याचाही उपयोग नाही. समुद्राचं किंवा पुराचं पाणी लागलं असेल तर डबा उघडून साफ करून घ्यावाच लागतो, नुसतं वाळवून भागत नाही.

पाणी शिरतं ते बहुधा दांडीच्या बुडाशी असलेल्या घड्यांच्या रबरातून. त्याला चीर पडली असेल तर ते रबर वेगळं बदलून मिळतं आणि बोर्डाच्या मानाने फारच स्वस्त असतं. जूनच्या आधी प्रत्येकाने ते एकदा बोटाने चाचपून बघावं.

१०. खुर्ची एका बाजूला ओढते.

दोन्ही चाकांची हवा, पुढच्या छोट्या चाकांत गुंतलेले केस आणि दोरे, मग एका मोटरचे ब्रश. याच क्रमाने बघा. बोर्ड सगळ्यात शेवटी.

११. काल बाबांनी दांडी सोडली तरी खुर्ची पुढे जात राहिली. बंद-चालू केल्यावर ठीक झाली. वापरू का?

नाही. पूर्ण तपासणी होईपर्यंत कुणीही त्या खुर्चीत बसू नये. दांडीचा सेन्सर किंवा तिची मध्यावर आणणारी स्प्रिंग बिघडली असेल, नाहीतर मोटरला करंट देणारे बोर्डावरचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले असतील. या लेखात मी बोर्डाची बाजू घेतोय असं वाटलं असेल, पण इथे अजिबात घेणार नाही.

पुन्हा असं झालं तर चालू-बंद बटण दाबा. तेवढ्याने थांबली नाही तर सर्किट ब्रेकर किंवा बॅटरीचा कनेक्टर ओढा. वीज तुटली की ब्रेक आपोआप लागतात. घाबरून मोटरीचे लिव्हर सोडू नका. त्याने ब्रेकच निघतात आणि उतारावर खुर्ची सुसाट जाते. घरातल्या प्रत्येकाला तो कनेक्टर कुठे आहे हे आज दाखवून ठेवा.

१२. उतारावर मध्येच खटकन थांबते. लिथियम बॅटरी टाकल्यापासून सुरू झालं.

उतरताना मोटर जनित्रासारखी वागते आणि करंट उलटा बॅटरीकडे पाठवते. बॅटरी भरलेली असेल तर तो करंट मुरत नाही, व्होल्टेज चढतं आणि बोर्ड थांबतो. लिथियम बॅटरीच्या आतलं संरक्षण अशा वेळी बॅटरीच तोडून मोकळं होतं, मग वीज जाऊन ब्रेक एकदम आवळले जातात आणि माणूस पुढे फेकला जातो. हे फार धोक्याचं आहे. खुर्चीच्या कंपनीने मान्य केलेलीच लिथियम बॅटरी वापरा. घराबाहेर पडताच उतार लागत असेल तर पहिला उतार सर्वांत कमी वेगावर उतरा. लेड ॲसिड असूनही असं होत असेल तर बॅटरीची ढिली जोडणी शोधा.

चढावर मात्र खुर्ची हळूहळू मंद होत गेली तर ती बोर्डाने स्वतःला गरम होण्यापासून वाचवण्याची पद्धत आहे. थोडा वेळ थांबा.

१३. भावाने अमेरिकेहून खुर्ची पाठवली. चार्जर लावला, फट्कन आवाज झाला. बोर्डही जळला का?

बहुधा नाही. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. चार्जरवर '१००–२४०' असं लिहिलेलं नसेल तर तो इथे जळणारच. बॅटरी आणि बोर्ड यांच्यापर्यंत सहसा काही पोचत नाही. इथला २४ व्होल्टचा, तुमच्या बॅटरीच्या प्रकाराला जुळणारा चार्जर घ्या आणि प्रश्न २ मधली तपासणी करा. वळवाच्या दिवसांत विजा कडाडत असताना कुठलाही चार्जर भिंतीतून काढून ठेवावा.

१४. आमच्या गावातला टीव्ही दुरुस्त करणारा बोर्ड सुधारू शकेल का?

तुटलेली केबल, गंजलेला कनेक्टर, खराब झालेलं बटण, तडकलेलं सोल्डर: चांगला हात असेल तर नक्की. सीटखालचे पॉवरचे बोर्ड पुष्कळदा रेझिनमध्ये (घट्ट झालेल्या राळेसारख्या थरात) पूर्ण गाडलेले असतात, ते उघडताच येत नाहीत. आणि मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर 'तसेच दिसणारे' घालून बदलू देऊ नका. तो बोर्ड पुन्हा जळेल, किंवा प्रश्न ११ मधला प्रसंग येईल.

१५. हुबेहूब तसाच बोर्ड ऑनलाइन जुना मिळतोय. घेऊ का?

डबा सारखा असला तरी आतली मांडणी वेगळी असते. वेग, थांबण्याची तीव्रता, मोटरींची दिशा, ब्रेकचे व्होल्ट हे सगळं त्या त्या खुर्चीसाठी प्रोग्रॅम केलेलं असतं. चुकीच्या मांडणीचा बोर्ड लावला तर दांडी पुढे आणि खुर्ची मागे, असंही होतं. विकणाऱ्याकडून भागाचा पूर्ण क्रमांक मागा, तो तुमच्या डब्यावरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि प्रोग्रॅम करून देणारं माणूस आधी शोधा. ते नसेल तर घेऊ नका.

१६. आमच्याकडे जिन्यावरची खुर्ची आहे, रुळावरून जाणारी. हेच सगळं लागू पडतं का?

अर्धंच. तिथेही २४ व्होल्ट आणि दोन बॅटऱ्याच असतात, पण छोट्या, आणि चार्जिंग रुळाच्या ठरावीक ठिकाणीच होतं, बहुधा दोन टोकांना. खुर्ची मध्येच सोडली तर बीप करत बॅटरी उतरते. चालत नसेल तर पाय ठेवायची फळी आणि रुळावरून सरकणाऱ्या डब्याभोवतीच्या सुरक्षेच्या कडा बघा, त्यांना चप्पल जरी टेकली असेल तरी ती हलत नाही. वळवायची सीट पूर्ण फिरून खटका बसलाय का तेही पाहा. त्यापुढचं काम घरी करू नका, जिन्यावर चुकीला जागा नसते.

१७. वॉरंटीत आहे, तरी विक्रेता "पाणी गेलंय" म्हणून टाळतो.

लेखी मागा: कुठे पाणी सापडलं, त्याचा फोटो, कोणी तपासलं. तोंडी उत्तरावर बोर्डाचे पैसे देऊ नका. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. वॉरंटी असेपर्यंत डब्याचे स्क्रू स्वतः उघडू नका. प्रश्न २ ते ८ मधलं सगळं डबा न उघडता करता येतं.

१८. भाग यायला तीन आठवडे लागतील म्हणतात. तोवर आईने काय करायचं?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि मेकॅनिकलाच. दुरुस्तीला देताना बदली खुर्ची मागा, नाही म्हणाले तरी मागा. दोन्ही लिव्हर सोडून खुर्ची सपाटीवर हाताने ढकलता येते, पण बॅटरी, मोटरी आणि माणूस मिळून वजन मोठं असतं, तेव्हा उतारावर आणि रॅम्पवर दोन माणसं हवीतच. आई बसलेली असताना थांबलात की लिव्हर लगेच परत लावा, कारण ते सुटलेले असताना खुर्चीला ब्रेक नसतो. बोर्डच दुरुस्तीला गेला असेल तर बॅटऱ्या घरी ठेवून घ्या आणि विचारून त्यांना अधूनमधून चार्ज करा. तीन आठवडे उपाशी राहिलेल्या बॅटऱ्या नव्या बोर्डाला पहिल्याच दिवशी एक दिवा लुकलुकायला लावू शकतात.

हाताने चालवायची साधी घडीची व्हीलचेअर शेजारीपाजारी, एखाद्या मंडळाकडे किंवा दवाखान्याजवळच्या दुकानात भाड्याने मिळते. ती आणाल तेव्हा आईची जुनी गादी तिच्यावर घाला. तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला दुसऱ्या गादीवर दोन दिवसांत जखम होऊ शकते.